पोतं फोडण्याआधी खड्डा खणा

वडिलांकडून शेतीचा कारभार हाती घेऊन काही वर्षं झालेल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. जमीन भारी आणि चिकण, मुख्य पीक टोमॅटो. पत्राचा सारांश असा: झाडं हिरवीगार होतात, उंच वाढतात, पण फळ पूर्वीसारखं राहिलेलं नाही. कित्येक फळांच्या बुडाला काळा, बसका डाग पडतो. माल उशिरा पिकतो, तोडल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडतो, चव पाणचट लागते. दरवर्षी खत थोडंथोडं वाढवत नेलं, तरी उत्पादन जिथल्या तिथे. पाणी आठ-दहा दिवसांनी एकदा, पण भरपूर दिलं जातं. लागवडीआधी दर वेळी रोटाव्हेटर फिरतो. माती तपासून घेतली आहे: सामू (पीएच) ७.९, सेंद्रिय कर्ब ०.४५ टक्के, नत्र (नायट्रोजन) कमी, स्फुरद (फॉस्फरस) खूप जास्त, पालाश (पोटॅशियम) आणि कॅल्शियम भरपूर. खतविक्रेत्याचं म्हणणं, कॅल्शियम फवारा आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण द्या. मित्राचं म्हणणं, रासायनिक सगळं एका झटक्यात बंद करून शेणखतावर या. वडील एवढंच म्हणतात, ‘जमीन मेली. तुम्ही मारलीत.’ वाचक विचारतात: कोणाचं ऐकू? आणि आम्ही खरंच मातीला मारलं का?

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीच्या सगळ्या पत्रावर त्याचंच सावट आहे.

जिच्यात टोमॅटोची झाडं हिरवीगार वाढतात ती जमीन मेलेली कशी असेल? मूठभर मातीत अब्जावधी जिवाणू असतात. काही वर्षांच्या खतांनी ते संपत नाहीत. त्यांची संख्या कमीजास्त होते, काही जाती मागे पडतात, काही पुढे येतात. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून गव्हाचा एक प्रयोग चालू आहे. त्यातल्या एका पट्ट्याला तेव्हापासून कुठलंच खत मिळालेलं नाही. तरी तो पट्टा आजही हेक्टरी साधारण १ टन गहू देतो. कमी आहे, पण देतो. माती इतक्या सहजी हार मानत नाही, तेव्हा हा आरोप मनावर घेऊ नका.

वडिलांचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. त्यांनी हाती घेतलेलं ढेकूळ बोटांनी फुटायचं, आता ते दगडासारखं लागतं. पूर्वी पाणी मुरायचं, आता साचतं, असं काहीतरी त्यांना दिसलेलं असणार. त्यांनी त्याला ‘मेली’ म्हटलं. मी म्हणेन, मातीची घडण बिघडली आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बिघडलेली घडण कशी बिघडली ते शोधता येतं आणि बऱ्याच अंशी सुधारताही येतं.

आता गंमत पाहा. विक्रेता आणि मित्र एकमेकांच्या विरुद्ध बोलतात असं तुम्हाला वाटतंय, पण दोघांच्या बोलण्याच्या बुडाशी एकच समजूत आहे: मातीत काहीतरी कमी पडलंय, ते भरलं की फळ सुधारेल. एक म्हणतो पुडीतून भरा, दुसरा म्हणतो गाडीतून भरा. तुम्हीही आजवर तेच करत आलात, दरवर्षी थोडं जास्त खत. माती म्हणजे जणू एक कोठार. पण कोठार भरलेलं असूनही दाराला कुलूप असेल तर घर उपाशीच राहणार. तुमचा अहवाल नीट वाचला तर तो हेच सांगतोय. कॅल्शियम भरपूर आहे, पालाश भरपूर आहे, स्फुरद तर खूपच जास्त आहे. तरी फळ कॅल्शियमवाचून काळं पडतंय. मग ‘काय घालू?’ या प्रश्नाआधी ‘जे आहे ते मुळापर्यंत का पोचत नाही?’ हा प्रश्न यायला हवा.

त्याचं उत्तर अहवालात सापडणार नाही. याला कारण आहे. प्रयोगशाळेत तुमची माती आधी वाळवतात, मग कुटतात, मग २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात आणि त्यानंतर तिच्यातली अन्नद्रव्यं मोजतात. ही पद्धत योग्यच आहे, पण यात मोजणी सुरू होण्याआधीच मातीची घडण नाहीशी झालेली असते. चांगल्या घडणीच्या मातीचा जवळपास निम्मा भाग पोकळ्यांचा असतो, काही पोकळ्यांत पाणी, काहींत हवा. मूळ वाढतं ते या पोकळ्यांतून. त्याला श्वास घ्यायला प्राणवायू लागतो, तो येतो तोही इथूनच. ही सगळी व्यवस्था चाळणीत उरत नाही, त्यामुळे अहवालातही उतरत नाही.

अहवालातल्या नत्राच्या आकड्याबद्दलही दोन शब्द. अनेक ठिकाणी नत्राचा दर्जा सेंद्रिय कर्बावरूनच अंदाजानं ठरवतात. तुमचा कर्ब कमी, म्हणून नत्र ‘कमी’. पण शेतातली झाडं काय सांगताहेत? उंच, गर्द हिरवी, फळ उशिरा. हे काही नत्राला मुकलेल्या झाडाचं लक्षण नव्हे. नत्र कमी असतं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असती आणि झाड खुरटलं असतं. कागद आणि झाड यांची साक्ष वेगळी निघाली तर मी झाडाच्या बाजूनं उभा राहीन.

आता त्या काळ्या डागाकडे वळू, कारण तुमच्या शेताचं अख्खं दुखणं त्यात दिसतं. हा डाग रोगजंतूंमुळे पडत नाही. वाढत्या फळाच्या टोकाला कॅल्शियम कमी पडलं की तिथल्या पेशी कोसळतात, बुरशी वगैरे नंतर येते. कॅल्शियमची गोष्ट अशी की ते झाडात पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथे पोचलं तिथेच राहतं. नत्र किंवा पालाश जुन्या पानातून निघून नव्या भागात जाऊ शकतो, कॅल्शियम जवळजवळ जात नाही. पानं बाष्प सोडतात, म्हणून पाण्याचा ओढा पानांकडे असतो. फळ फारसं बाष्प सोडत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला मुळातच कमी येतं. आणि फळ धरल्यानंतरच्या पहिल्या दोनेक आठवड्यांत, ते भराभर फुगत असताना, हा पुरवठा खंडला तर टोक मरतं. डाग नंतर दिसतो, पण नुकसान त्याच्या बरंच आधी होऊन गेलेलं असतं.

पुरवठा का खंडतो? तुमच्याकडे कारणं एकाला एक जोडून आली आहेत. आठ-दहा दिवसांनी भरपूर पाणी दिलं की भारी जमिनीत पहिले एक-दोन दिवस पोकळ्या पाण्यानं भरून जातात. मुळांना हवा मिळत नाही आणि हवेवाचून मूळ पाणीही नीट ओढू शकत नाही. म्हणून कधी कधी चिखलात उभं असलेलं झाड दुपारी माना टाकतं. मग मधले काही दिवस बरे जातात. शेवटचे दोन-तीन दिवस वरचा थर सुकतो, तेव्हा पाणीही थांबतं आणि त्याच्याबरोबरचं कॅल्शियमही. दर पाळीला दोनदा खंड. त्यात भरीला नत्र जास्त, म्हणजे पानोरा जास्त, म्हणजे आधीच कमी असलेल्या पाण्यात पानांचा वाटा आणखी मोठा. अमोनियम रूपातलं नत्र आणि जास्तीचं पालाश मुळाशी कॅल्शियमशी स्पर्धा करतात, तेही आहेच.

यावर पानांवर कॅल्शियम फवारून किती फरक पडेल ते तुम्हीच ताडून पाहा. पानात शिरलेलं कॅल्शियम फळाकडे जात नाही. कोवळ्या फळावरच थेंब पडले तर थोडा लाभ होऊ शकतो, पण मूळ खंड तसाच राहतो. विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे जे आहे तेच तो देणार, आणि पाण्याची नियमितता काही पोत्यात भरून मिळत नाही.

नत्राचं सांगायचं तर, जास्त नत्र उत्पादन वाढवतं ते एका मर्यादेपर्यंत. तिच्यापुढे झाड फळाऐवजी पानं आणि फांद्या काढत राहतं. पानांनी तयार केलेली साखर नव्या शेंड्यांकडे जाते, पक्वता लांबते, पेशी पाण्यानं फुगलेल्या आणि भिंती पातळ राहतात. उशिरा पिकणं, लवकर मऊ पडणं, पाणचट चव या तुम्हाला तीन वेगळ्या तक्रारी वाटल्या असतील, पण त्यांचं मूळ बऱ्याच अंशी एकच दिसतं. हे केवळ टोमॅटोचं नाही. बटाट्यात आणि साखरबीटात जास्तीच्या नत्रानं घनांश किंवा साखर घटते, पालेभाजीत नायट्रेट साठतं. उलट गव्हात उशिरा मिळालेल्या नत्रानं दाण्यातली प्रथिनं वाढतात आणि ते पावासाठी हवंही असतं. बिअरसाठीच्या जवात मात्र तीच प्रथिनं नकोशी होतात. ‘दर्जा’ हा शब्द पिकागणिक आणि गिऱ्हाईकागणिक बदलतो, याकडे पुन्हा येऊ.

एवढं नत्र घालूनही ते पुरत नाही असं तुम्हाला वाटलं, म्हणून दरवर्षी वाढवलंत. त्यालाही कारण आहे. सामू ७.९ असलेल्या मातीवर युरिया नुसता वर टाकला तर त्यातला काही भाग अमोनिया होऊन हवेत जातो. जो मातीत राहतो त्याचं जिवाणू नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट पाणी साचलेल्या, हवा नसलेल्या मातीत दुसरे जिवाणू वायूरूप करून उडवून लावतात. म्हणजे भरपूर पाण्याच्या प्रत्येक पाळीनंतर तुम्ही घातलेल्या खतातला काही हिस्सा आकाशात जात असणार. कधी झाडाला नत्राचा पूर, कधी ओढ. खताची एकूण मात्रा वाढवून हा चढउतार कमी होत नाही, उलट वाढतो.

आता रोटाव्हेटर. तो फिरला की वर पीठासारखी भुसभुशीत माती दिसते आणि मनाला बरं वाटतं. पण त्याची पाती दर वेळी साधारण एकाच खोलीपर्यंत जातात, आणि वाफसा येण्याआधी, म्हणजे माती मशागतीजोगी सुकण्याआधी, ओल्या मातीत फिरवला तर त्या खोलीवर माती लिंपल्यासारखी दाबली जाते. वर्षानुवर्षं तसंच झालं की तिथे एक कडक थर बसतो. मुळं त्या थरापर्यंत सरळ येतात आणि मग आडवी वळतात. आडवं वळलेलं मूळ जगतं ते सगळ्यात वरच्या थरात, म्हणजे जो पाणी दिल्यावर आधी तुंबतो आणि उन्हात आधी सुकतो त्याच थरात. खाली ओल आहे, अन्न आहे, पण तिथे जायला वाट नाही. शिवाय वरच्या मातीचं पीठ केल्यानं तिचे रवे मोडतात, पाऊस किंवा पाणी पडलं की पृष्ठभाग लिंपला जाऊन पापुद्रा धरतो. मी यंत्राच्या विरोधात नाही. पण प्रत्येक लागवडीआधी ते फिरवलंच पाहिजे हे कोणी ठरवलं, हे एकदा स्वतःला विचारा.

हे सगळं पत्रावरून बांधलेले अंदाज आहेत. खरं-खोटं करायला एक फावडं पुरतं. पाणी दिल्यानंतर वाफसा येईल त्या दिवशी पीक उभं असताना झाडापासून हातभर अंतरावर गुडघ्याएवढा खोल खड्डा घ्या. एक कड फावड्यानं लिंपू न देता चाकूनं किंवा खुरप्यानं हलकेच खरवडा म्हणजे मूळची माती दिसेल. मुळं कुठवर गेली आहेत, कुठे वळली आहेत ते पाहा. ढेकूळ हातात घेऊन मोडा: लहान-मोठे गोलसर रवे सुटतात, की आडव्या चपट्या पापुद्र्यांसारखी माती निघते? पापुद्रे आणि आडवी मुळं एकाच खोलीवर मिळाली तर थर सापडला. करडट निळसर माती, गंजासारखे ठिपके किंवा आंबूस वास असेल तर तिथे पाणी तुंबून हवा तुटते. गांडुळांची बिळं दिसली तर आनंद माना, आणि त्या बिळांतून मुळं उतरलेली दिसतात का तेही बघा. तसाच एक खड्डा बांधाच्या कडेला, जिथे ट्रॅक्टर जात नाही तिथे घ्या. दोन्हींची तुलना कुठल्याही अहवालापेक्षा तुम्हाला जास्त सांगेल. दोन्ही खड्डे घेताना वडिलांना सोबत घ्या, कारण पूर्वीची माती त्यांच्या हाताला आठवते.

आता मित्राचा सल्ला. त्यात मोठं तथ्य आहे आणि एक खाचही आहे. शेणखत, कंपोस्ट, पिकाचे अवशेष यांच्यामुळे मातीचे रवे टिकतात, पाणी धरून ठेवायची ताकद वाढते, अन्नद्रव्यं सावकाश सुटतात. तुमचा सेंद्रिय कर्ब ०.४५ टक्के म्हणजे सेंद्रिय पदार्थ पाऊण टक्क्याच्या आसपास. चिकण जमिनीला हे फारच तोकडं आहे. तेव्हा सेंद्रिय पदार्थ हवेतच, याबद्दल वाद नाही. खाच अशी की रासायनिक खत एका हंगामात पूर्ण बंद करून सगळं नत्र शेणखतातून द्यायचं म्हटलं तर दोन अडचणी येतात. पहिली, शेणखतातलं नत्र जिवाणू सावकाश मोकळं करतात, त्यामुळे पहिली एक-दोन पिकं भुकेली राहण्याची शक्यता मोठी. खत नीट कुजलेलं नसेल, काडीकचरा जास्त असेल तर जिवाणू स्वतःच मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. दुसरी अडचण तुमच्या अहवालात लिहिलेली आहे. पिकाला नत्राच्या मानानं स्फुरद बरंच कमी लागतं, शेणखतात मात्र त्या मानानं ते जास्त असतं. नत्राची गरज भागेपर्यंत शेणखत घालत गेलात तर आधीच खूप जास्त असलेलं स्फुरद आणखी चढेल. जास्त स्फुरदानं मुळांशी जोडून राहणारी बुरशी, जी एरवी झाडाला दूरचं अन्न आणून देते, ती मागे पडते, आणि जस्त मिळणंही अवघड होऊ शकतं.

रोथॅमस्टेडच्या त्याच शेतात एक पट्टा दरवर्षी शेणखत खातो, काही पट्ट्यांना रासायनिक खत मिळतं. अनेक दशकं दोन्हीकडचं गव्हाचं उत्पादन जवळपास सारखं राहिलं. शेणखताच्या पट्ट्यात मातीतला सेंद्रिय कर्ब मात्र दुपटीहून जास्त झाला. पुढे आधुनिक जाती आल्यावर सर्वाधिक उत्पादन बहुतेकदा शेणखत आणि वरून नत्र अशा जोडीनं दिलं. तिथे दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत जातं हेही लक्षात ठेवा. एवढं शेणखत आणायचं कुठून, हा प्रश्न बहुतेकांपुढे असतोच.

म्हणून तुमच्यासाठी मी असं सुचवेन. स्फुरदाचं खत सध्या पूर्ण थांबवा. अहवाल पाहता त्याची काहीही गरज दिसत नाही आणि हा खर्च आजच वाचेल. पालाशही तूर्त थांबवायला हरकत नाही, पुढच्या तपासणीत उतरताना दिसला की सुरू करा. नत्र एकदम बंद न करता सध्याच्या मात्रेच्या दोन-तृतीयांशावर आणा, पण एकाच पट्ट्यात. बाकी शेत नेहमीसारखं राहू द्या. कमी केलेलं नत्र लहान-लहान हप्त्यांत, मातीआड करून किंवा पाण्याबरोबर द्या, आणि फळ फुगायला लागल्यावर हात आखडता घ्या. दोन्ही पट्ट्यांची तुलना झाडाच्या उंचीवरून करू नका, त्यात तुमची फसगत होईल. तोडलेल्या मालाचं वजन घ्या, काळ्या डागाची फळं वेगळी मोजा, प्रत्येक पट्ट्यातली एकाच दिवशी तोडलेली काही फळं सावलीत ठेवून कधी मऊ पडतात ते बघा. रसातली विद्राव्य साखर मोजायचा छोटा हातातला ब्रिक्समापक मिळाला तर फारच छान.

पाण्याचा बदल मात्र सगळ्या शेतात आणि आधी करा, कारण त्याचा परिणाम याच हंगामात दिसतो. तेवढंच पाणी कमी अंतरानं, कमी मापात द्या. ठिबक असेल तर सोपं, नसेल तर एकाआड एक सरी आलटून-पालटून भिजवता येते. ओळींवर काडीकचऱ्याचं आच्छादन टाका म्हणजे वरचा थर एकदम सुकणार नाही. काडी मातीत मिसळू नका, वरच राहू द्या, म्हणजे ती मुळाजवळचं नत्र ओढणार नाही. भारी जमिनीत उंच गादीवाफे केले की मुळांच्या भागातलं पाणी लवकर निथळतं.

खड्ड्यात कडक थर मिळाला तर तो माती खालपर्यंत सुकलेली असताना एकदाच खोलवर फोडा. ओल्या मातीत फोडायला गेलात तर तो फुटण्याऐवजी लिंपला जाईल. फोडल्यानंतर खरं काम सुरू होतं: ट्रॅक्टरच्या चाकांचे पट्टे कायमचे ठरवा, वाफशाआधी शेतात यंत्र नेऊ नका, आणि लगेच खोल मुळांचं पीक घ्या म्हणजे मोकळ्या झालेल्या भेगा मुळं धरून ठेवतील. नाहीतर दोन-तीन हंगामांत थर पुन्हा बसतो.

सेंद्रिय पदार्थासाठी दोन टोमॅटोंच्या मध्ये शेंगवर्गीय हिरवळीचं पीक घ्या. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र आणतात आणि स्फुरदात भर पडत नाही, तुमच्या अहवालाला हे अगदी चपखल बसतं. त्याला नत्राचं खत देऊ नका, आयतं मिळालं की गाठी कमी धरतात. फुलोऱ्याच्या सुमारास, कोवळं असतानाच कापा. सोबत चांगलं कुजलेलं खत बेताच्या प्रमाणात. कर्बाचा आकडा दोन हंगामांत हलला नाही म्हणून खचू नका, तो वर्षांच्या हिशेबात हलतो. दर दोन-तीन वर्षांनी त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून, शेतात नागमोडी फिरून दहा-पंधरा ठिकाणची माती एकत्र करून त्याच प्रयोगशाळेत द्या, तरच आकड्यांची तुलना करता येईल. ढेकळं आणि पाण्याचं मुरणं मात्र आकड्याच्या बरंच आधी सुधारतं.

सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण सरसकट घेऊ नका. तुमचा सामू आणि स्फुरद पाहता जस्त किंवा लोह अडलेलं असणं शक्य आहे. शेंड्याकडची नवी पानं शिरा हिरव्या ठेवून मधे पिवळी पडत असतील तर पानांची तपासणी करा आणि जे कमी निघेल तेवढंच द्या.

दर्जाकडे परत येऊ. पत्रात एक गोष्ट नाही: या वर्षांत तुम्ही टोमॅटोची जात बदललीत का? बदलली असेल तर चवीचा सगळा दोष मातीवर टाकू नका. फळ एकसारखं पिकावं म्हणून निवडलेल्या अनेक जातींत कच्च्या फळाच्या खांद्याचा गडद हिरवा रंग गेला आणि त्याबरोबर थोडी साखरही गेली, हे २०१२ मध्ये संशोधनातून पुढे आलं. रोथॅमस्टेडच्या साठवलेल्या गव्हातही असंच दिसलं. दाण्यातलं जस्त, लोह, तांबं, मॅग्नेशियम १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत स्थिर होतं, मग बुटक्या, जास्त उत्पादनाच्या जाती आल्यावर घटलं. मातीतलं त्यांचं प्रमाण मात्र कमी झालं नव्हतं. आणि चव, टिकाऊपणा, वजन हे तिन्ही एकदम कमाल पातळीवर मिळत नाहीत. पिकण्याच्या काळात पाणी थोडं आवळलं तर साखर वाढते, पण फळ लहान राहतं, आणि लवकर आवळलं तर काळे डाग वाढतात. तुमचं गिऱ्हाईक वजनाला पैसे देतं की चवीला, हे आधी ठरवा. वजनालाच देत असेल तर पाणचटपणाची खंत थोडी कमी करायला हरकत नाही.

हे वाचणाऱ्या, पण जमीन वेगळी असलेल्यांसाठी: हलक्या, रेताड जमिनीत पाणी तुंबण्यापेक्षा नायट्रेट पाण्याबरोबर खाली वाहून जाणं हे मोठं दुखणं असतं, तिथे हप्ते आणखी लहान हवेत. सामू साडेपाचाच्या खाली असेल तर स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधलं जातं, मोकळं झालेलं ॲल्युमिनियम मुळांची टोकं जाळतं, आणि चुना घातल्याशिवाय बाकीचे उपाय फिके पडतात.

तुमच्यासाठी शेवटची एक चाचणी, आणि ही सगळ्यात आधी करा. वरच्या थरातली सुकी, बोराएवढी दोन-चार ढेकळं काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात, पावसाच्या पाण्यात असेल तर उत्तम, अलगद सोडा आणि हलवू नका. ढेकूळ टिकलं तर घडण अजून चांगली आहे. ढासळून त्याचा बारीक ढीग झाला पण पाणी नितळ राहिलं, तर सेंद्रिय पदार्थ कमी आहे आणि वरचा सगळा सल्ला तसाच लागू. पण काही तासांत ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरून पाणी गढूळ राहिलं, तर मातीत सोडियम जास्त असण्याचा दाट संशय धरा. मग आधी माती आणि सिंचनाचं पाणी दोन्हींची सोडियम व क्षारतेसाठी तपासणी करून घ्या. तसं निघालं तर निचऱ्याचे चर आणि मोजून दिलेलं जिप्सम यांना पहिला मान, थर फोडणं आणि हिरवळीचं खत त्यानंतर.